गोरोबाच्या हातातला दोर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमच्या सहीचा कागद लोहाऱ्याच्या अलीकडच्या माळावर पोचला. ज्याला वाचता येत होतं त्यानं तो बाकीच्यांना वाचून दाखवला. त्यात आहे : 'दोर अयोग्य इसमाच्या हाती दिल्याने अपघात घडला. सबब मुकादम सरदार वल्द मदार यांस कामावरून दूर करण्यात येत आहे. यापुढे विहिरीवर ज्याची त्याची माणसे ज्याच्या त्याच्या टोळीत ठेवावीत.' खाली सही, सहीखाली शिक्का. शिक्का चांगला उमटलाय. त्या कागदावर खरं म्हणावं असं तेवढंच.

खोटं सांगायला तुम्हाला तीन ओळी पुरल्या. खरं सांगायला वेळ लागेल. बसा.

सरदार मुकादमाचं नाव तीन राज्यांच्या हजेरीवर चढलं होतं. आधी निजामाचं तामीरात, म्हणजे बांधकाम खातं, मग हैदराबाद, आणि आता मुंबई राज्य. खुर्चीतले साहेब बदलले, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, विहीर मात्र अजून वरून खालीच खणावी लागते, असं तो म्हणायचा आणि आपणच खदखदून हसायचा. पन्नाशी उलटलेली, दाढी पिकलेली, डोक्याला पटका. आवाज असा की सहा पुरुस, सहा माणसांच्या उंचीइतक्या खालच्या माणसाला वाटावं, हा माझ्या कानातच बसलाय.

एकोणसाठ सालच्या माघात त्याला या माळावर धाडलं. दवाखान्याच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, पाणी नव्हतं. विहीर पाडायची होती. टोळी आली ती कचेरीतल्या यादीवरनं, ज्यानं नाव नोंदवलं तो आला. लिंगायत आले, मराठे आले, मुसलमान आले, वडाराची लक्ष्मम्मा आली, आणि महारवाड्यातला गोरोबा आला. गोरोबा दोन-अडीच वर्षांमागं बौद्ध झाला होता. गावाची जीभ अजून झाली नव्हती.

पहिल्या दिवशी कुणी खाली उतरेना.

त्याचं कारण तुम्हाला कागदावर दिसणार नाही, साहेब. विहिरीत उतरायचं म्हणजे दोराला बांधलेल्या फळीवर बसायचं. तिला पाळणा म्हणतात. वर चाक, चाकावरनं दोर, आणि दोराचं टोक दोरकऱ्याच्या हातात. त्यानं सोडलं की संपलं. म्हणून आजवर दोर धरायचा तो भावानं, नाही तर मेव्हण्यानं. परक्याच्या हातात जीव कोण देतो? इथं तर सगळेच एकमेकांना परके. दुपारपर्यंत माणसं लिंबाखाली चार घोळके करून बसली आणि चारी बाजूंनी विहिरीकडं बघत राहिली.

सरदारनं भाषण केलं नाही. त्याला येतही नव्हतं. तो उठला, कुर्त्याच्या खिशातली जपाची तस्बी काढली आणि सरळ गोरोबापुढं धरली.

"धर."

गोरोबा मागं सरला. "चाचा, माझ्या हातात?"

"मग काय पायात देऊ? माझ्या बापाचा रिवाज हाय हा. खाली जानाऱ्यानं आपली एक चीज दोरकऱ्याजवळ ठिवायची. म्हंजी त्याला ध्यानात ऱ्हातं, की टोकाला डबर न्हाय, मानूस हाय."

"पर दोर म्या धरू? एवढे लोक असताना?"

"लोकांचे हात बघितले म्या सकाळपास्नं. तुझे बी बघितले. दोर कुठं धरलास रे आधी?"

गोरोबानं मान खाली घातली. "मेलेली ढोरं वढली, चाचा. गावाची. लहानपनापास्नं. आता सोडलं ते."

"बेस केलंस. आता जिती मानसं वढ."

आणि मुकादम पाळण्यावर बसला. गोरोबानं डाव्या मनगटाला तस्बी गुंडाळली, पाय दगडाला लावले आणि दोर असा सोडला की पाळणा हललासुद्धा नाही. पाण्यावर पान उतरावं तसा सरदार खाली गेला. खालनंच ओरडला, "अरे, ह्याच्यापरीस माझ्या सासऱ्याची बैलगाडी जास्त हिसके द्यायची!" वरचा पहिला हसणारा कोण, ते कुणाला कळलं नाही. पण हसले सगळे.

तिथनं रिवाज सुरू झाला. कुणी ताईत द्यायचं, कुणी अंगठी. लक्ष्मम्मा खाली जायची ती खडक ऐकायला. घणाचा एक हलका ठोका मारायची, कान लावायची आणि सांगायची, सुरुंगाचं भोक इथं पाडा, भेग तिकडं पळतीया. बाई सांगती आणि आम्ही पाडतो काय, म्हणून दोघातिघांनी तोंड वाकडं केलं. सरदार म्हणाला, "तुमच्यातला कोन खडकाचं बोलनं ऐकतो, त्यानं पुढं यावं." पुढं कुणी आलं नाही. उतरताना लक्ष्मम्मा गोरोबाजवळ तंबाखूची चंची ठेवायची. "माझा जीव हाय ह्याच्यात," म्हणायची. "दोर सुटला तर सुटू दे. चंचीतली चिमूट गेली तर वर येऊन मारीन तुला."

गोरोबाचा हात दोरावर बसला आणि दोर त्याचाच झाला. गावात ज्याला कुणी अंगणात उभं करत नव्हतं, त्याला लोक उतरताना विचारायला लागले, "गोरोबा, धरलंस न्हवं?" तो म्हणायचा, "धरलंय." एवढंच. पण म्हणताना त्याची छाती जरा वर यायची, आणि सरदार लांबनं ते बघून दाढीतल्या दाढीत हसायचा. गोरोबा त्या जागेवर टिकावा, याच्यापुढं सरदारला विहिरीच्या पाण्याचं बी कौतुक नव्हतं. तुमच्या खात्यातला एक जण महिन्याभरानं येऊन गेला तेव्हाच तोंडी बोलून गेला होता, की दोराला कुणी घरचा बघा. सरदारनं त्याला विचारलं होतं, "घर कुनाचं, सायब?"

आणखी एक सांगून ठेवतो, पुढं कामाला येईल. चाकाचा आस बाभळीचा होता. सरदारनं लोखंडी आस मागितला. तीनदा मागितला. तीनही वेळा लिहून धाडलं. तुमच्याकडनं आली ती एरंडेलाची बाटली, आसाला लावायला.

आता शांतलिंगचं.

शांतलिंग हा सरहद्दीकडचा लिंगायत, तिशीतला. घरी कानडी, बाजारात मराठी. सुरुंगाचं काम त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. दारू ठासणं, वात लावणं, पेटवणं, सगळं सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं नेमकं. तो उतरायचा, पण ठेव द्यायचा नाही. पहिले चार-आठ दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग आलं.

"शांतलिंगअप्पा, ठिव कुठाय?" लक्ष्मम्मानं सगळ्यांदेखत विचारलं.

त्याच्या अंगावर देण्यासारखं होतंच काय? ना अंगठी, ना कडं. गळ्यात शिवदोरा आणि शिवदोऱ्याला चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. ते अंगावरनं उतरत नाही. झोपताना नाही, आंघोळीला नाही, मरताना पण नाही.

"ते सोडून माझ्याकडं काय न्हाय," शांतलिंग म्हणाला.

"आमी आमचा जीव काढून देतो, आन् ह्याला डबी जड झाली," मागनं कुणीतरी म्हणालं. "गोरोबाच्या हाताचा विटाळ हुईल न्हवं!"

शांतलिंग गप्प राहिला. गप्प राहिला म्हणजे तेही असणारच, असं सगळ्यांनी धरलं. आणि खरं सांगायचं तर थोडं होतंही. भाकरी तो लिंबाच्या पलीकडच्या अंगाला पाठ करून खायचा. ते सगळ्यांनी बघितलं होतं, गोरोबानंही.

इथं सरदारची चूक झाली. तीही सांगायलाच हवी. तो भडकला. "रिवाज सगळ्यांना एक! तुला येगळा कायदा हाय काय? ठिव दे, न्हाय तर उतरू नको!"

शांतलिंगनं हातातली वातीची गुंडाळी खाली ठेवली. मुकादमाकडं बघितलं नाही. चालत आपल्या पालावर गेला. त्या दिवशी सुरुंग उडाला नाही.

सरदारला भाकरी गोड लागली नाही. 'सगळ्यांना एक' हा शब्द त्यानं कुठंतरी ऐकला होता, आणि कुठं ते त्याला आठवत होतं. पोलीस अॅक्शननंतरचं पहिलं वर्ष. कचेरीच्या दारात नवा साहेब उभा. सरदारच्या डोक्यावर लाल रुमी टोपी, बापाची, गोंड्याची. साहेब म्हणाला, "ही इथं चालणार नाही. नियम सगळ्यांना एक." सगळ्यांना एक, आणि काढावी लागली ती एकट्या सरदारला. उघड्या डोक्यानं तो त्या दारात किती वेळ उभा होता! कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. फक्त डोकं उघडं पडलं होतं. दुसऱ्या दिवसापासनं पटका.

"या अल्ला," तो स्वतःशीच म्हणाला. "आज म्या त्याची टोपी काढत हुतो."

दिवस उगवायला तो शांतलिंगच्या पालासमोर जाऊन बसला. शांतलिंग पूजा करत होता. तळहातावर लिंग, नजर लिंगावर. सरदार हलला नाही, खोकलासुद्धा नाही. पूजा संपली तेव्हा म्हणाला, "बेटा, काल म्या गाढवपना केला."

शांतलिंग दचकला. मुकादम कधी असं बोलतो काय?

"तुझं तुझ्या अंगावरच ऱ्हाऊ दे. तुझ्यापुरता रिवाज उलटा करू. तू ठिव द्यायची न्हाय. दोरकऱ्यानं आपली चीज तुझ्याजवळ द्यायची. ती घिऊन तू खाली जा. त्याची चीज तुझ्याजवळ असंल, तर ती वर आनायला तरी तो तुला वढंल का न्हाय?"

शांतलिंगला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "आन् त्यानं न्हाय दिली तर?"

गोरोबानं दिली. कमरेच्या गाठीतनं काढून दिली. त्याच्या लेकीचा वाळा होता, काशाचा, दोन घुंगरांचा. पोर नऊ महिन्यांची. एक वाळा तिच्या पायात, दुसरा तिनं लाथा मारून मारून पाडलेला, तो बापाच्या कमरेला.

"दुसरं कायतरी दे की," शांतलिंग म्हणाला.

"दुसरं हाय काय माझ्याकडं?" गोरोबा म्हणाला. "घ्या, शांतलिंगअप्पा. लई जड न्हाय."

शांतलिंगनं तो दोन बोटांच्या चिमटीत धरला. गळ्यापासनं जितका लांब ठेवता येईल तितका लांब, धोतराच्या सोग्याला बांधला. गोरोबानं ते बघितलं, दगडाला पाय लावले आणि दोर धरला. पाळणा खाली निघाला आणि विहिरीतनं आवाज यायला लागला. छुन, छुन. शांतलिंग हलला की छुन. वाकला की छुन. खालच्या अंधारात माणूस दिसत नव्हता, पण गोरोबाला तो हातात घेतल्यासारखा कळत होता. जेवायच्या सुट्टीत तो सरदारला म्हणाला, "चाचा, लई सोपं झालं. आता मला डोळं झाकून सांगता येतं, अप्पा काय करतुया."

"काय करतुया?"

"आंग खाजवतुया!"

लक्ष्मम्मा हसता हसता पाण्यासकट ठसकली. लिंबाच्या पलीकडं पाठ करून बसलेल्याची पाठही हलली. पुढच्या आठवड्यात तो लिंबाच्या अलीकडं आला. जरा अंतरानं, पण तोंड करून.

आता तो दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. खाली काळा पाषाण लागला होता. लक्ष्मम्मानं चार जागा सांगितल्या, चार भोकं पडली, दारू ठासली. बाकीची माणसं लांब गेली. काठावर तिघंच राहिली, गोरोबा, सरदार आणि लक्ष्मम्मा. शांतलिंगनं चारी वाती पेटवल्या, पाळण्यावर बसला आणि हाळी दिली, "वढ!"

गोरोबानं ओढला. दोन पुरुस वर आला असेल. बाभळीचा आस कडकन मोडला. चाक आडवं झालं आणि दोर चाक आणि लाकडाच्या मधी गच्च आवळून बसला. वर येईना, खाली जाईना. पाळणा मधेच लोंबकळला. खाली चार वाती सुरसुरतायत.

सरदार दोराकडं धावला.

गोरोबानं पहारीचं टोक घातलं आणि एका दणक्यानं चाकच उपटून फेकलं. दोर सुटला, काठाच्या दगडावर आला, सरसर खाली चालला. त्यानं तो उघड्या तळहातांनी धरला. दोर थांबला. कशानं थांबला ते दोरावर दिसत होतं, तांबडं. खालनं घुंगरू वाजलं.

"हाय!" गोरोबा ओरडला. "अप्पा बसलाय, पडला न्हाय! चाचा, मला धरा!"

सरदारनं त्याच्या कमरेला मिठी घातली. लक्ष्मम्मानं मागनं दोर आपल्या पाठीवर घेतला आणि दगडाची टोपली उचलावी तशी पुढं वाकून चालायला लागली. एक पाऊल. दुसरं. तिच्या तोंडातनं शिव्या येत होत्या, निम्म्या तेलगू, निम्म्या मराठी, सगळ्या त्या आसाला. शांतलिंगचं डोकं काठावर दिसलं. मग छाती. सरदारनं त्याच्या दंडाला धरून ओढला, चौघं एकावर एक पडली, आणि मागं विहीर चारदा बोलली.

धुरळा बसला. शांतलिंगच्या टाचेला चीर पडली होती. बाकी काही नाही. त्यानं आधी गळ्याला हात लावला. डबी होती. मग सोग्याला हात लावला. वाळा होता. मग त्यानं गोरोबाचे हात बघितले आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

लक्ष्मम्मानं हळद आणि तेल लावून दोन्ही हात बांधले. नुसती गाठोडी. जेवायची वेळ झाली तसा गोरोबा भाकरीकडं बघत बसला. खाणार कशानं? शांतलिंग उठला. कुणाला काही कळायच्या आत त्याच्यापुढं मांडी घालून बसला, भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि त्याच्या तोंडापुढं धरला.

गोरोबा तोंड उघडेना. "अप्पा, राहू द्या की."

"आ कर."

"लोक बघत्यात."

"बघू दे. आ कर म्हनतो न्हवं!"

"घास बारीक कर की रं," लक्ष्मम्मा लांबनं म्हणाली. "सुरुंगात दारू ठासतुयास काय?"

चौथ्या घासाला गोरोबा म्हणाला, "साकु, साकु." बस्स म्हणायचा कानडी शब्द. महिनाभरात शांतलिंगकडनंच शिकला होता. शांतलिंगनं ऐकलं नाही. अख्खी भाकरी चारली. पाणीही पाजलं. सरदार लिंबाकडं तोंड करून उभा राहिला आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसत म्हणाला, "धुरळा लई उडाला आज."

तिसऱ्या दिवशी तुम्ही जीपमधनं आलात, साहेब. खुर्ची मागवलीत. चाक बघितलंत, विहीर बघितलीत. गोरोबाचे हात बघायला मागितले नाहीत. कागद लिहूनच आणला होता. सरदारपुढं धरलात.

"सही कर. दोरावर ह्याला ठेवला ही चूक झाली, एवढंच कबूल कर. तुझी नोकरी राहील."

"आन् आस, सायब?"

"कुठला आस?"

तुम्ही इकडं तिकडं बघितलंत. मोडका आस कुठंच नव्हता. लक्ष्मम्मा टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती, आणि तिला उठ म्हणायची तुमच्या शिपायाची छाती झाली नाही.

सरदारच्या पुढ्यात पाच लेकरं होती आणि पेन्शनीला तीन वर्षं. कागद त्यानं खाली-वर बघितला. मग पटका काढला आणि गुडघ्यावर ठेवला. "सायब," तो म्हणाला, "एकदा म्या असा उघड्या डोक्यानं हुबा ऱ्हायलो, तवा कुनीतरी काढायला लावलं हुतं. आज माझ्या हातानं काढला. ह्यो कागद खोटा हाय. म्या सही करनार न्हाय. गोरोबासारखा दोरकरी म्या तीन राज्यांत बघितला न्हाय."

तेव्हा शांतलिंग पुढं आला. तुम्हाला वाटलं, हा आपल्या बाजूचं बोलेल. जीव तर त्याचाच जाणार होता. तुम्ही त्याला अप्पा म्हणालात, खुर्ची द्यायला लावलीत. तो बसला नाही. त्यानं सदऱ्याची गुंडी काढली. शिवदोऱ्याला चांदीची डबी होती, आणि डबीला लागून काशाचा वाळा.

"लिहा, सायब," तो म्हणाला. "म्या परत उतरतो. आज बी उतरतो. पर दोर गोरोबा धरंल तर. त्याचं हात बरं हुईस्तवर आमी थांबतो."

तुम्ही म्हणालात, वरनं उत्तर येईल. जीप गेली. उत्तर आलं ते हे, तुमच्याच सहीचं.

सरदारनं कागद ऐकला, घडी घातली आणि बिऱ्हाड आवरायला घेतलं. लक्ष्मम्मानं त्याच्या हातातनं लोटा काढून घेतला. "अण्णा, कुठं निगालास? इहीर अर्धी हाय." टोळीतला एकही माणूस दुसऱ्या टोळीत गेला नाही. लिंबाखाली सगळे एका घोळक्यात बसलेत. गोरोबाच्या हातांना नवी कातडी येतीय. त्याची लेक परवा आईच्या कडेवर बसून येऊन गेली. शांतलिंगच्या गळ्यातला वाळा ओढत होती, आणि तो ओढू देत होता. मुकादमाविना हजेरी नाही, हजेरीविना काम नाही. दवाखान्यात बाळंतिणीला पाणी कोसभरावरनं येतंय.

विहिरीत अजून कुणी उतरलेलं नाही. तुम्ही धाडलेली दुसरी टोळी आली, चाक बघून परत गेली. बाभळीचाच आस धाडला होता तुम्ही, दुसरा.

मोडलेला पहिला लक्ष्मम्माच्या टोपलीत आहे. येऊन बघा. गोरोबाचे हातही इथंच आहेत, तेही बघा. आणि मग सांगा, साहेब, अयोग्य हात कुणाचा होता? दोर धरला त्याचा, की कागद लिहिला त्याचा? तोंडी नको. लेखी द्या. सहीनिशी, आणि शिक्काही मारा. माणसं लिंबाखाली वाट बघत बसलीयत.